ज्याचा कांदा त्यानंच उचलायचा

अप्पा,

मागच्या आठवड्यात गावी जाऊन आले. काम होतं, पण ते न करताच परत आले. केदारखेड्याला एसटीतून उतरले आणि तिथून रिक्षानं गावात. हेच अंतर तुम्ही मला चालत आणायचात आणि वाटेत प्रत्येक शेताचा गट नंबर विचारायचात, चुकला की पुन्हा मागच्या बांधापासून सुरुवात. नाल्याकडच्या काकूकडे गेले. ती आता पार वाकली आहे, पण चहात साखर अजून तशीच घालते, हात न आवरता. तुमचा विषय मी काढणारच होते, तेवढ्यात तिनंच काढला. म्हणाली, "तुझ्या बापाला म्या कधीच दोष दिला न्हाई बघ. माझं नाव घ्यायचं राह्यलं त्याच्याकडून, राह्यलं. म्हातारपण कुणाला चुकलंय? देवमाणूस व्हता." आणि मी, जी पुण्याहून फक्त एवढंच सांगायला गेले होते की तसं काही झालंच नव्हतं, ती मान डोलावून, चहा संपवून, तिनं दिलेल्या शेंगा पिशवीत घालून परत आले. तुमच्याकडून तिचं नाव घ्यायचं राहिलं नव्हतं, अप्पा. तुम्ही ते घेतलं होतं, स्वच्छ आवाजात, माझ्यापासून दोन हातांवर बसून. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. हे जेव्हा सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाही आणि आता सांगतेय तर ऐकायला तुम्ही नाही. असा माझा एकूण कारभार.

आपल्या गावची ती रीत आता कुणाला सांगितली तर मी रचून सांगतेय असं वाटेल. बियाण्याचा कांदा लावणं म्हणजे खाण्याचा लावण्याइतकं सोपं नव्हतं. चांगला पोसलेला कांदाच पुन्हा जमिनीत पुरायचा, त्याला डोंगळे, म्हणजे फुलांचे उंच दांडे, येऊ द्यायचे, डोंगळ्यांवर पांढरे गोंडे, आणि गोंड्यांत काळं बी. अडचण मधमाशांची. मधमाशीला बांध कळत नाही. लाल कांद्याशेजारी कुणी पांढरा लावला की ती या गोंड्यावरून त्या गोंड्यावर जाते आणि दोघांचंही बी भेसळ होऊन बसतं. म्हणून आपल्याकडून बी घेणारी कंपनी सांगायची, दोहोंमध्ये भरपूर अंतर ठेवा. कंपनीला सांगायला काय जातं! शिवार ते केवढं, आणि त्यात तीसेक जणांच्या पट्ट्या, त्याही भावाभावांत वाटलेल्या. लाल कुणी लावायचा, पांढरा कुणी, आणि मुख्य म्हणजे मधल्या जमिनीत हरभरा पेरून गप्प कुणी बसायचं, हे ठरवता ठरवता माणसाच्या नाकी नऊ यावेत. ते तुम्ही ठरवून द्यायचात. सरपंच नव्हतात, पाटील नव्हतात, जमीनही बेताचीच. पण अख्खं शिवार तुम्हाला तोंडपाठ होतं आणि आपला फायदा तुम्ही कधी पाहिला नाही, एवढ्या भांडवलावर लोक तुमचं ऐकायचे.

दसरा झाला की आपल्या ओसरीतल्या शहाबादी फरशीवर तुम्ही खडूनं शिवार काढायचात. आधी नाला, मग पांदण, दोन विहिरी, आणि मग एकेकाची पट्टी. ज्याला लाल हवा त्यानं स्वतःच्या हातानं लाल कांदा आपल्या चौकोनात ठेवायचा, ज्याला पांढरा त्यानं पांढरा, आणि मध्ये बसणाऱ्यानं मूठभर हरभरे. मग तीन-चार दिवस नुसता कालवा. कांदे उचलले जायचे, हरभरे सरकायचे, कुणी रुसून उठून जायचा आणि दुपारी पुन्हा येऊन बसायचा. पण कायदे दोनच. एक, ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा. तो परगावी जाऊ दे, तापानं फणफणू दे, त्याचा कांदा तो येईपर्यंत जागचा हलायचा नाही. दुसरा, सगळ्यांचं जमल्याशिवाय एकाचंही जमलं असं धरायचं नाही. आणि शेवटी सगळ्यांचं जमलं की आई भाकरी आणि ठेचा आणायची आणि प्रत्येक जण आपापला कांदा बुक्कीनं फोडून खायचा. पहिली भाकरी मध्ये बसणाऱ्यांना, आणि पुढच्या सालची पहिली पाळीही त्यांचीच. "खाल्लेला कांदा पुन्ना फरशीवर येत न्हाई," असं तुम्ही म्हणायचात, आणि तेवढ्या एका वाक्यावर गावाचं पुढचं वर्ष निघायचं. कागद नाही, सही नाही, अंगठा नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. ओसरी झाडत होते आणि झाडूच्या वाटेत एक कांदा आला, तो उचलून कडेला ठेवला, झाडलं आणि परत जागेवर ठेवला. माझ्या मते जागेवर. तुम्ही बाहेरून आलात, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, आणि म्हणालात, "ह्यो कुणी उचलल्ता?" मी सांगितलं, झाडायला उचलला, मालक तर तापानं घरी पडलाय, त्याला काय कळतंय. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही, पण त्या आवाजाची मला आजही भीती वाटते. "तो घरी पडला म्हणून त्याचा शब्द पडला का? जा. त्याच्या घरी जा आन् सांग, म्हणावं मी उचलल्ता, मी चुकीच्या जागी ठेवला." मी रडत गेले. तो बिचारा गोधडीतून हसला, म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, पोरी," आणि बायकोला मला पेरू द्यायला लावला. परत आले तेव्हा तुम्ही आईला म्हणत होतात की आता ही जन्मात विसरायची नाही. तुमचा माझ्याबद्दलचा अंदाज एवढाच काय तो चुकला.

मग मी औरंगाबादला कॉम्प्युटर शिकले आणि नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात लागले. आपल्या घरातून ऑफिसात जाणारी मी पहिली. तुम्ही आल्या-गेल्याला सांगायचात, "पोरगी मशीनवर शिवार मांडून राह्यली," आणि मला वाटायचं, हो, तेच तर करतेय. आठ मशीन एका वायरीनं जोडलेली, गावोगावचे सुपरवायझर येऊन आपापल्या गावाचे प्लॉट त्यात भरायचे, आणि माझं काम एवढंच की एकाच्या नोंदीवर दुसऱ्यानं पाय ठेवू नये, लालच्या अंगावर पांढरा येऊ नये. कॉलेजात शिकवलं होतं ते असं: व्यवहार एकतर पूर्ण होतो, नाहीतर मुळात झालाच नाही असं धरायचं, अर्धवट काही ठेवायचं नाही, आणि एक जण नोंद उघडून बसला की ती कुलूपबंद, तोवर दुसऱ्यानं थांबायचं. पुस्तकातलं उदाहरण होतं रेल्वेच्या खिडकीचं. खिडकीवरचा माणूस दोन मिनिटांत तिकीट घेऊन जातो, तेवढ्यापुरतं कुलूप चालतं. आमचे सुपरवायझर गावाचं शिवार उघडायचे, "त्या म्हाताऱ्याला विचारून आलो," म्हणून मोटरसायकलला किक मारायचे, ते उगवायचे दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर शेजारच्या गावाचा सुपरवायझर पडद्याकडे बघत बसलेला. "मॅडम, सकाळपून बसून राह्यलो, हे सोडंना झालंय!" रोज तीच बोंब. माणसांचं ठरायला चार दिवस लागतात हे त्या पुस्तकाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी ते फरशीवर पाहत वाढले होते, आणि तरी मला ते तिथं आठवलं नाही, कारण घरी होतं ते गावंढळ आणि पुस्तकात होतं ते शास्त्र, असं माझं त्या वयात पक्कं झालेलं.

मी तोडगा काढला. नोंदी दोन तऱ्हेच्या केल्या, कच्ची आणि पक्की. कागद पूर्ण असतील तर पक्की. एखादा सातबारा यायचा असेल तर कच्ची, नुसती जागा धरून ठेवणारी. आणि कुणी कच्ची नोंद टाकून विसरला तर जागा अडकून पडू नये म्हणून, संध्याकाळी ऑफिस बंद होताना राहिलेल्या सगळ्या कच्च्या नोंदी आपोआप सुटतील अशी सोय केली. कुणाला विचारायचं नाही, कुणाला कळवायचं नाही, सकाळी पाटी कोरी. बोंब बंद झाली. साहेब खूश, म्हणाले, "अब आया ना लाइन पे." नोंद सुटते हे मी सुपरवायझरांना सांगितलं होतं का, हे मी इतकी वर्षं आठवतेय. बहुतेक नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. फरशी झाडणाऱ्या पोरीनं पुन्हा तेच केलं होतं, फक्त या वेळी कांदे सगळ्या तालुक्याचे होते.

त्या साली आपल्या ओसरीत सगळं सुरळीत ठरलं. काकू आदल्या साली मध्ये बसली होती, म्हणून पहिली पाळी तिची. तिनं नाल्याकडच्या पट्टीत लाल ठेवला, सगळ्यांबरोबर फोडून खाल्ला. दुसऱ्याच दिवशी परतूरहून निरोप आला, तिचा नवरा तिथं जिनिंगमध्ये कामाला होता आणि त्याचा हात यंत्रात सापडला होता. ती नेसत्या लुगड्यानिशी गेली. जाताना तुम्हाला म्हणाली, "अप्पा, माझ्या पट्टीचं बघा." तुम्ही म्हणालात, "तुजा कांदा हालत न्हाई." हे मी नंतर आईकडून ऐकलं.

आणि मग तुम्ही ऑफिसात आलात. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अगदी कडेला बसलेले. हातात कागदाचं चिटोरंसुद्धा नाही. आपल्या गावाचा सुपरवायझर दोन बोटांनी टाइप करत होता आणि तुम्ही नाल्याच्या उगमाकडून एकेक नाव, एकेक गट नंबर, लाल का पांढरा, असं सांगत उतरत होतात. "अप्पा, जरा दमानं, मशीन धापा टाकून राह्यलं तुमच्यामागं," तो म्हणाला, आणि आमचं सगळं ऑफिस हसलं, आणि मला इतका अभिमान वाटला की मी उगाच उठून पंखा मोठा केला. मग ते नाव आलं. "नाल्याकडची. लाल. मागल्या साली मधी बसल्ती, औंदा तिची पाळी हाय."

"सातबारा?"

"ती परतूरला गेलीय, मालकाच्या हाताला लागलंय. आली की आणून देतो, आठ-चार दिवसांत. नाव तेवढं धरा."

"धरलं, अप्पा. कच्चं टाकलं. सातबारा आला की पक्कं करू."

"बराबर धरलं ना?"

"बिलकुल."

नंतर मी तुम्हाला स्टेशनासमोर भजी खायला नेलं. तुम्ही विचारलंत, "त्या मशीनच्या पोटात सगळं राहतं का गं?" मी म्हणाले, ते कधी विसरत नाही, अप्पा. तुम्ही म्हणालात, "मंग माझ्यापरीस बरं." त्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळेला घरी गेले आणि ऑफिस नेहमीच्या वेळेला बंद झालं. सकाळी नाल्यापलीकडच्या गावाचा सुपरवायझर आला, त्याला अलीकडचा काठ रिकामा दिसला, त्यानं काठाला लागून तीन शेतांना पांढरा दिला आणि पक्का केला. त्याची काही चूक नाही. चौथ्या दिवशी तिकडे लागवडीच्या कांद्याचा कंपनीचा टेम्पो गेला.

आठवड्यानं तुम्ही काकूचा सातबारा घेऊन आलात, भिजू नये म्हणून पिशवीत, पिशवी पुन्हा रुमालात. सुपरवायझरनं बघितलं, खालीवर केलं. म्हणाला, या नावाची नोंदच नाही. तुम्ही म्हणालात, "आसं कसं? मी सांगितल्तं." तो खोटं बोलत नव्हता, अप्पा, त्या आठवड्यात त्यानं इतक्या गावांची इतकी नावं भरली होती की त्याला खरंच आठवत नव्हतं. "सांगितलं असतं तर ह्यात असतं ना, अप्पा. कॉम्प्युटर काय खोटं बोलतंय का?" मग आता तरी टाका, असं तुम्ही म्हणालात. त्यानं सांगितलं की नाल्यापलीकडे पांढऱ्याची लागवड झाली, आता अलीकडे लाल देता येत नाही. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. "पोरी, मी घेतलं व्हतं ना गं नाव?" आणि मी म्हणाले, "बघते, अप्पा." एवढंच. तुम्ही रुमालाची घडी केलीत आणि मिळेल त्या एसटीनं गेलात. भजी खायला थांबला नाहीत.

मी बघितलं. मशीन प्रत्येक सुटलेल्या नोंदीची एक ओळ लिहून ठेवायचं, ती सोयही मीच केलेली. काकूचं नाव, गट नंबर, लाल, दुपारची वेळ. आणि त्याखाली, त्याच दिवशी ऑफिस बंद होतानाची वेळ: मुदत संपली. मी ती ओळ घेऊन साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी दोनदा वाचली आणि दार लोटून घेतलं. "हे बघ, हे बाहेर गेलं तर उद्या सगळे सुपरवायझर परत वहीवर जातील आणि वरचे आपल्या दोघांना घरी पाठवतील. आजच्या आज दुरुस्त कर. एका बाईचा एका सालचा प्लॉट आहे, पुढल्या साली देऊन टाकू." मी दुरुस्त केलं. एका दुपारचं काम होतं. कच्ची नोंद ज्यानं टाकली त्यानंच सोडायची, एवढा एक नियम घातला. तो घालताना माझे हात थांबले, कारण तो कुणाचा आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि एक वेडेपणा केला. मशीनमध्ये मी वाटेल ते मागं नेऊ शकत होते, एक हुकूम दिला की झालेलं न झाल्यासारखं. सगळे जेवायला गेले होते तेव्हा मी पलीकडची तीन शेतं काढून टाकली आणि काकूचं नाव पुन्हा भरलं. पडद्यावर शिवार अगदी तुमच्या फरशीसारखं दिसलं, जिथं जे हवं तिथं ते. पाच मिनिटं बघत बसले. मग सगळं जसं होतं तसं करून ठेवलं. नाल्यापलीकडे कांद्यांना मुळं फुटली होती, ती माझ्या हुकमानं थोडीच परत येणार होती?

त्या रविवारी मी गावी आले ते तुम्हाला सांगायचं ठरवूनच. एसटीत वाक्यंही जुळवली होती. ओसरीत पाऊल ठेवलं तर सगळे बसलेले, काकूसुद्धा, नवऱ्याला आणून घरी ठेवून आलेली. तिनं पट्टी पाणी देऊन तयार ठेवली होती आणि कांदा येणार नाही हे तिला सकाळीच कळलं होतं. तुम्ही उभे होतात. मला बघूनही थांबला नाहीत. म्हणालात, "चूक माझी हाय. नाव माझ्याकडून राह्यलं. मला आठवतंय मी घेतलं, पण मशीन म्हणतंय न्हाई घेतलं, आन् मशीन कशाला खोटं बोलंल? पोरगी तिथंच व्हती, ती बी काय बोलली न्हाई. म्हंजी माझंच चुकलं." कुणी तरी ओरडलं असतं तर मला बोलायला फट मिळाली असती. पण कुणी ओरडलं नाही. काकू म्हणाली, "जाऊ द्या, अप्पा, माणूसच हाय." आणि कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "आता लिहून ठेवत जा, अप्पा." मी दारात उभी होते. माझ्या न बोलण्याचीच तुम्ही साक्ष काढली होती. मी आत गेले आणि आईबरोबर भाकऱ्या थापू लागले. मनाशी म्हणाले, नोकरी जाईल, धाकट्या भावाचं शिक्षण अडेल, साहेबही अडकतील, एक साल जाऊ दे. ही कारणं मी पुढं कित्येक वर्षं वापरली, चांगली टिकाऊ होती.

एक साल गेलं. काकूच्या पट्टीत उशिराचा हरभरा, सलग दुसऱ्या वर्षी. पण तिचं तेवढ्यावर भागलं, पुढच्या साली तिला लाल मिळालाही. तुमचं भागलं नाही. तुम्ही वही आणलीत. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात खडूशिवाय काही हातात धरलं नव्हतं. पुढच्या दसऱ्याला फरशीवर शिवार काढलंत, पण प्रत्येक चौकोनापाशी थांबून वहीत बघायचात, आणि वहीवरही भरवसा नसल्यासारखे समोरच्याला विचारायचात, "बराबर हाय ना?" विचारलं की समोरचा आपल्या सोयीचं सांगणार, माणसाची जातच ती. त्या वर्षी पहिल्यांदा ओसरीत शिवीगाळ झाली. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही म्हणालात, माझ्यानं आता होत नाही, तुमचं तुम्ही बघा. मग सुपरवायझर घरोघरी जाऊन वेगवेगळं भरून घेऊ लागला, आणि मध्ये कोण बसणार ते ज्याचा आवाज लहान तो, असं आपोआप ठरू लागलं. आई सांगायची, अंथरुणावर पडले की पुन्हा उठून कडी बघतात, गोठ्यात जाऊन दावं बघतात, मला विचारतात, मी आत्ता जेवलो का गं. तुम्ही कधीही काही विसरला नव्हतात. तुम्हाला फक्त वाटू लागलं होतं की तुम्ही विसरता, आणि ते विसरण्यापेक्षा वाईट निघालं. तेव्हा तुम्ही साठीलाही टेकला नव्हतात. हे सगळं मी दर सुट्टीत येऊन बघायचे, आणि जालन्यातल्या डॉक्टरकडून तुमच्यासाठी स्मरणशक्तीच्या गोळ्या आणायचे. हो, अप्पा, गोळ्या आणायचे. तुम्ही त्या वेळच्या वेळी घ्यायचात, आणि घेतल्या हे वहीत लिहायचात.

पुढं मी पुण्याला गेले. तिथं एका मोठ्या कामात होते, कारखान्याचा एकच नकाशा वेगवेगळ्या गावांत बसून दहा-बारा इंजिनिअर एकाच वेळी करायचे आणि एकमेकांच्या भिंती पाडायचे. तिथंही तीच बोंब, कुलूप सुटत नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं की कुलूप नको. प्रत्येकानं आपला विचार सगळ्यांना दिसेल असा मांडावा, ज्यानं मांडला त्यानंच उचलावा, आणि सगळ्यांचं जमल्याशिवाय कुणाचंच पक्कं होऊ नये; त्याला चार दिवस लागले तर लागू देत. लोकांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, हे कुठं वाचलं? मी म्हणाले, असंच सुचलं. लोक मला आजही त्या एका गोष्टीसाठी ओळखतात.

हे पत्र काकूला वाचून दाखवायला हवं, निदान तिच्या लेखी तरी तुमचं नाव धुऊन निघेल. मी दाखवणार नाही, मला माहीत आहे. तिनं इतक्या मनापासून तुम्हाला माफ केलंय की त्यात हात घालायची माझी हिंमत नाही, आणि गावात तुमच्या वेळची माणसंही आता उरली नाहीत. मी ही पानं घडी करून ठेवीन आणि कधीतरी फाडून टाकीन. पण एक गोष्ट आहे ती इथंसुद्धा लिहिली नाही तर या पत्राला काही अर्थ नाही.

तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस येऊन राहिले होते. दुपारची वेळ, आई शेजारी गेलेली. तुम्ही बाजेवर उताणे पडून वरच्या पत्र्यांकडे बघत होतात आणि हळूहळू शिवार म्हणत होतात, उगमाकडून खाली, एकेक नाव, एकेक गट नंबर, आणि ते त्या सालचं होतं, लाल न् पांढऱ्यासकट. एकही चुकलं नाही. नाल्याकडच्या पट्टीपाशी थांबलात. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "पोरी, खरं सांग, आता काय व्हायचं राह्यलंय. त्या दिवशी मी घेतलं व्हतं का न्हाई?" तुम्हाला दुसरं काही नको होतं. फक्त तुमचं डोकं तुमच्या ताब्यात आहे एवढं ऐकायचं होतं, आणि ते सांगू शकणारी जगात एकटी मी. मी तुमच्या पायावरची चादर नीट केली. म्हणाले, "होतं असं वयानं, अप्पा. नका मनाला लावून घेऊ." तुम्ही "हां" म्हणालात आणि भिंतीकडे वळलात.

तेव्हा घरात आपण दोघंच होतो. धाकटा कमावता झाला होता, साहेब दुसरीकडे गेले होते, आणि ती नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती. घाबरण्यासारखं काहीही उरलं नव्हतं, अप्पा.